विस्कटलेला तक्ता आणि आमचे मराठी विभाग

मराठी विभागांत संशोधन म्हणून जे काही चालते, त्यातला मोठा वाटा याद्यांचा असतो. नियतकालिकांच्या अंकांच्या याद्या, एखाद्या कथाकाराच्या कथांच्या कालानुक्रमी याद्या, नाट्यप्रयोगांच्या, अनुवादांच्या, पुरस्कारांच्या याद्या. प्रबंधाच्या शेवटी त्या परिशिष्टे म्हणून येतात, परीक्षक त्यांची पाने चाळतो आणि पुढे जातो. प्रबंधातली कितीतरी विधाने मात्र या पानांच्याच आधारावर उभी असतात. तरीही यादी कशी करावी, दुसरीकडून उचललेली यादी कशी तपासावी, ती विस्कटली तर पुन्हा कशी लावावी, हे कोणत्याही मराठी विभागात शिकवले जाताना आम्ही पाहिलेले नाही. ध्वनिसिद्धान्ताला आठ तासिका आणि यादीला एकही नाही, ही वाटणी कुणाला खटकतही नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. पडद्यावरून उचलून आणलेला आणि आणताना मोडलेला तक्ता पुन्हा लावणे हे वाचनाचे काम आहे, पाठचिकित्सेच्या जातीचे काम आहे. मजकुरावर चालणाऱ्या साध्या आज्ञांनी ते करता येते. ज्या काळ्या पडद्याला 'कमांड लाइन' म्हणतात आणि ज्याला पाहून आमचे सहकारी चष्मा पुसू लागतात, तिथेच या आज्ञा लिहायच्या असतात. मराठीच्या विद्यार्थ्याला हे न शिकवणे हा आता निव्वळ हेकटपणा उरला आहे.

हवेत बोलण्यापेक्षा सर्वांना ठाऊक असलेला एक तक्ता घेऊ. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांचा. वर्ष, स्थळ, अध्यक्ष असे तीनच रकाने. १८७८ साली पुणे, अध्यक्ष महादेव गोविंद रानडे, इथपासून तो सुरू होतो आणि ९८ व्या संमेलनापर्यंत, म्हणजे २०२५ साली नवी दिल्ली, अध्यक्ष तारा भवाळकर, इथपर्यंत आला तर त्याच्या ९८ ओळी होतात. पडद्यावर हा तक्ता देखणा दिसतो. रेघा आहेत, रकाने आहेत. तो निवडून साध्या मजकुराच्या फायलीत चिकटवा. रेघा जातात. नशीब बरे असेल तर रकान्यांच्या मधोमध 'टॅब' नावाचे अदृश्य चिन्ह उरते. संकेतस्थळावरून घेतलेल्या तक्त्यात बहुधा ते उरतेच. पीडीएफमधून घेतला असेल तर एक साधी मोकळी जागा उरते, आणि कधी कधी तर प्रत्येक घर स्वतंत्र ओळीवर जाऊन पडते. तक्ता गेला, शब्दांची रांग राहिली.

आता 'ऑक' या आज्ञेला सांगा की या ओळींचे रकाने पाड. दुसरे काही सांगितले नाही तर प्रत्येक मोकळी जागा म्हणजे रकान्याची सीमा, असे ती धरून चालते. मग शेवटच्या ओळीचे काय होते? वर्ष २०२५, स्थळ 'नवी', अध्यक्ष 'दिल्ली', आणि 'तारा' व 'भवाळकर' त्यापुढच्या दोन जादा रकान्यांत. १९५४ सालच्या दिल्लीच्या संमेलनात, जिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते, हा प्रश्न आला नव्हता. गावाचे नाव एका शब्दाचे होते. यंत्राला गाव कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो हे कळत नाही. ते कळण्यासाठी 'नवी दिल्ली' हे एक गाव आहे हे आधी ठाऊक असावे लागते. दोन शब्दांच्या गावांची एक छोटी यादी करायची, त्या शब्दांमधली मोकळी जागा तात्पुरती एखाद्या चिन्हाने भरायची, मग वर्षानंतरच्या आणि गावानंतरच्या जागेत टॅब घालायचा, आणि शेवटी ते चिन्ह काढून टाकायचे. 'सेड' या आज्ञेच्या चार ओळींचे काम. पण त्या चार ओळींत काय लिहायचे हे ठरवायला मराठी संमेलनांचा भूगोल माहीत असलेला माणूस लागतो, आणि तो संगणकशास्त्र विभागात सापडेलच असे नाही.

खरी गंमत २००९ या वर्षाशी येते. महाबळेश्वरच्या संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांनी संमेलनापूर्वीच राजीनामा दिला आणि संमेलन अध्यक्षाविना झाले. तक्ता करणाऱ्यांपैकी कुणी तिथे यादवांचे नाव लिहील, कुणी पुढे 'राजीनामा' असे जोडील, कुणी घर कोरे ठेवील. समजा कोरे ठेवले आहे, आणि पीडीएफमधून आणताना प्रत्येक घर वेगळ्या ओळीवर आले आहे. कोऱ्या घराची ओळ उमटतच नाही. आता ओळी तीन-तीन करून जोडायच्या. त्यासाठीच्या आज्ञेचे नावच 'पेस्ट' आहे. (आमच्या विभागांत पेस्ट हा शब्द रोज शंभरदा उच्चारला जातो, या नावाची एक जुनी आणि गुणी आज्ञा आहे याची मात्र कुणाला गंधवार्ता नाही.) पेस्ट बिचारी सांगितल्याप्रमाणे जोडत जाते. २००९, महाबळेश्वर, आणि अध्यक्षाच्या घरात '२०१०'. त्याखालच्या ओळीत वर्ष 'पुणे', स्थळ 'द. भि. कुलकर्णी', अध्यक्ष पुन्हा '२०१०'. तिथून पुढे अखेरपर्यंत सगळा तक्ता एका घराने सरकलेला.

हाताने टंकणाऱ्याच्या हातूनही अशी सरकासरक होते. फरक एवढाच की ती शोधायची कशी, हे त्याला ठाऊक नसते. इथे एकच प्रश्न विचारायचा: ज्यांचा पहिला रकाना चार आकड्यांचा नाही अशा ओळी दाखव. ऑक त्या क्षणात दाखवते, आणि पहिली चुकलेली ओळ 'पुणे' या शब्दाने सुरू होते आहे हे दिसताच तिच्या वरच्या ओळीत काहीतरी गळाले आहे हे उघड होते. गळालेल्या घरात काय लिहायचे हा पुन्हा वाङ्मयेतिहासाचा प्रश्न आहे. तिथे आज्ञा थांबते आणि अभ्यासकाने बोलायचे असते.

आता दुसरी बाजू. एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल, वर्ष दोनदा आले असेल तर ती पुनरुक्ती समजून एक ओळ काढून टाकू. आज्ञा हजर आहे. 'सॉर्ट' वर्षापुरतेच पाहून असे करू शकते. पण १९८१ साली दोन संमेलने झाली: अकोल्याला गो. नी. दांडेकर अध्यक्ष होते, रायपूरला गंगाधर गाडगीळ. २०१० सालीही दोन झाली, पुण्यानंतर ठाण्याला, अध्यक्ष उत्तम कांबळे. वर्षावरून पुनरुक्ती काढणारा आज्ञाधारक विद्यार्थी गाडगीळांना किंवा गोनीदांना संमेलनाच्या इतिहासातून एका झटक्यात बाहेर काढील. हे उदाहरण आम्ही मुद्दाम देतो आहोत, कारण 'यंत्राने केले म्हणजे बिनचूक' असे आमचे म्हणणे आहे असा समज कुणी करून घेऊ नये. यंत्र चुकवायलाही तितकेच तत्पर असते. मात्र इथे कोणत्या नियमाने काय काढले गेले ते लिहून राहिलेले असते. आज्ञा हा मजकूरच आहे. तो प्रबंधाच्या परिशिष्टात छापता येतो, परीक्षकाला तपासता येतो, दुसऱ्याला पुन्हा चालवून पाहता येतो. हाताने केलेल्या दुरुस्तीचा असा कोणता पुरावा मागे उरतो?

पाठचिकित्सा हा शब्द आम्ही वर वापरला तो अलंकार म्हणून नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तिच्या कामाची पद्धत वि. स. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. उभ्या-आडव्या रेघा मारलेले मोठे कागद असत. वरच्या ओळीत श्लोक ठळक अक्षरांत लिहिलेला, खाली प्रत्येक हस्तलिखितातले पाठभेद त्या-त्या अक्षराच्या बरोबर खाली, आणि उजव्या बाजूला शेऱ्यांसाठी एक वेगळा रुंद रकाना. हा तक्ताच होता. कोणता पाठभेद कोणत्या अक्षराखाली बसतो हे ठरवणे, कोरी जागा म्हणजे पाठ नाही की पान फाटले आहे हे शेऱ्यात नोंदवणे, हे काम शास्त्र्यांनी आणि पदवीधरांनी मिळून वर्षानुवर्षे केले, आणि त्याला कुणी कारकुनी म्हटले नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, तिच्यावाचून आमच्या वाङ्मयेतिहासकारांचे पान हलत नाही. त्या कामालाही कारकुनी म्हणण्याची कुणाची छाती नाही. मग तेच काम आज पडद्यावर करायचे झाले की ते एकदम कनिष्ठ का ठरते?

ज्यांना ही हत्यारे परक्या शास्त्राची वाटतात, त्यांनी त्यांचा जन्म कुठल्या प्रश्नातून झाला ते पाहावे. अमेरिकेत १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे हे तिघे त्या नावामागे होते. कोणता निबंध कुणाचा, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. बेल प्रयोगशाळेतल्या ली मॅकमहॉन यांना या निबंधांच्या भाषेवरून कर्तृत्वाचा निर्णय करायचा होता. एवढा मजकूर त्या काळच्या संपादन-आज्ञेत मावेना. तेव्हा केन टॉम्प्सन यांनी तिच्यातला शोधण्याचा भाग वेगळा काढून दिला, तीच 'ग्रेप' ही आज्ञा. ही हकीकत ब्रायन कर्निहान यांनी सांगितलेली आहे. पुढे 'सेड' लिहिली ती याच मॅकमहॉन यांनी. 'ऑक' १९७७ मधली. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान या तिघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. थोडक्यात, आमच्या विभागांत जो प्रश्न ज्ञानदेव एक की दोन या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या चघळला गेला, त्याच जातीच्या एका प्रश्नाने ग्रेपला जन्म दिला आहे. आम्ही मात्र तिला परक्याची लेक म्हणून दारात उभी ठेवली आहे.

आणखी एक जमाखर्च. १९८६ साली डोनाल्ड क्नुथ यांनी, मजकुरातले सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजणारा, कित्येक पानांचा एक सुरेख कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याचे परीक्षण करताना डग मॅकिल्रॉय यांनी तेच काम सहा आज्ञांच्या साखळीने करून दाखवले: प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर आण, सगळी अक्षरे लहान कर, क्रम लाव, सारखे मोज, मोजणीनुसार पुन्हा लाव, हवे तेवढे दाखवून थांब. एका आज्ञेतून बाहेर पडलेला मजकूर दुसरीच्या तोंडी द्यायचा, यालाच 'पाइप' म्हणतात. एकेका कामाला एकेक शब्द, आणि शब्दांचे वाक्य. भाषेच्या माणसाला हे अवघड वाटावे यासारखे आश्चर्य नाही.

आता आक्षेपांकडे. 'साहित्य आकड्यांत मावत नाही' हा आक्षेप खरा आहे आणि इथे गैरलागू आहे. ९८ संमेलनांत स्त्री-अध्यक्ष सहा, कुसुमावती देशपांडे (१९६१), दुर्गा भागवत (१९७५), शांता शेळके (१९९६), विजया राजाध्यक्ष (२००१), अरुणा ढेरे (२०१९) आणि तारा भवाळकर (२०२५), हे विधान दुर्गाबाईंचे एखादे वाक्य समजून घ्यायला मदत करणार नाही. पण जो समीक्षक संमेलनाच्या सत्ताकारणाविषयी लिहू इच्छितो त्याने हा आकडा सांगावा तरी बरोबर, आणि तो कुठून आला हेही सांगावे.

'हे सगळे एक्सेलमध्ये होते' हा आक्षेप अधिक मातब्बर वाटतो. होते, काही अंशी. पण एक्सेल न विचारता समजूतदारपणा दाखवते. जनुकांची इंग्रजी नावे ते तारखा समजून बदलून टाकी. अखेर २०२० साली जनुकांच्या नामकरणाची व्यवस्था पाहणाऱ्या समितीने काही नावेच बदलली असल्याचे जाहीर झाले. शास्त्रज्ञांना जनुकांची नावे बदलता येतात. आम्हांला अंक-वर्षांच्या नोंदी बदलता येणार नाहीत. '३-४' अशी जोडअंकाची नोंद तारीख होऊन बसली तर ती कुणाच्या लक्षात येणार? शिवाय माऊसने कुठे ओढले, कुठले घर कुठे टाकले, याची वाचता येईल अशी नोंद सहसा मागे राहत नाही. अलीकडचा तिसरा उपाय म्हणजे मोडलेला तक्ता संवादी यंत्राला देऊन 'नीट कर' म्हणणे. ते नीट करतेही, पुष्कळदा. पण २००९ चे कोरे घर ते सौजन्याने भरून देऊ शकते, आणि भरले हे सांगायला विसरू शकते. त्याच्याकडून आज्ञा लिहून घ्यावी आणि आज्ञा आपण वाचून चालवावी, एवढी उसनवारी आम्हांला मान्य आहे. त्यासाठी आज्ञा वाचता यायला हवी.

देवनागरीच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्यांवर बोलायला आमच्यावाचून दुसरे कोणी येणार नाही. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत (तीही त्याच टॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह १९९२ साली आखली) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. अक्षरांच्या बदल्यात अक्षरे घालणारी 'टीआर' ही आज्ञा तिच्या रूढ रूपात एकेक बाइट पाहते, म्हणून मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे करायला ती वापरली तर मजकुराचा चिखल होतो. तिथे सेड वापरावी. आकडी क्रम लावताना सॉर्टला मराठी आकडे आकडे वाटत नाहीत. वर्षे चार आकडी असल्याने अक्षरक्रमानेही बरोबर लागतात, पण संमेलनाचे क्रमांक १, १०, ११, १२ असे लागून २ पार मागे जातो. आडनावे लावायला जा, तर चिन्हांच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे बसलेला असतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. म्हणून दळवी आधी की दवणे, हे संगणकाला कोणती भाषा मानायला सांगितले आहे यावर ठरते.

सगळ्यांत कावेबाज प्रकरण कऱ्हाडचे. १९७५ साली दुर्गाबाईंचे आणि २००३ साली सुभाष भेंडे यांचे संमेलन तिथे झाले. या गावाच्या नावातला अर्धा र तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: स्वतंत्र ऱ म्हणून, र आणि नुक्ता म्हणून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह म्हणून. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. ग्रेपला मात्र ती तीन वेगळी गावे वाटतात, आणि कुणी 'कराड' लिहिले असेल तर चौथे. जुन्या फाँटांत टंकलेले मजकूर तर याहून विस्कटलेले. त्यांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, आणि रूपांतर करताना दोन्ही उचलून जागच्या जागी बसवावे लागतात. हे नियम लिहायला अक्षर म्हणजे काय, जोडाक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याचे ज्ञान लागते. व्याकरणाच्या पेपरात वर्णविचारावर टिपा लिहून घेणाऱ्यांनी हे ज्ञान कामाला लावण्याची संधी वर्षानुवर्षे दवडली आहे.

आणि या सगळ्यातला जो भाग आम्हांला खरोखर सलतो, तो वेगळाच आहे. विभागांत याद्या कोण टंकते? संशोधक विद्यार्थिनी. मार्गदर्शकाच्या लेखासाठी, विभागाच्या अहवालासाठी, मूल्यांकनाच्या फायलींसाठी पडद्यावरचा तक्ता समोर ठेवून तोच तक्ता दुसऱ्या रचनेत पुन्हा टंकताना त्यांचे आठवडे जातात. त्या कामाला श्रेय नाही, त्यातून शिक्षण नाही, आणि चूक निघाली तर ती 'टायपिंगची'. ज्या मुलीला चार आज्ञांत संध्याकाळपर्यंत मोकळे करता आले असते, तिला आम्ही महिनाभर बसवून ठेवतो आणि वर तिला संशोधनाची शिस्त लागते असे म्हणतो. कमांड लाइनला यांत्रिक म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा या मुलींच्या टेबलाशी जाऊन बसावे.

खर्चाची सबब सांगता येणार नाही. ही हत्यारे लिनक्स आणि मॅकवर मुळातच असतात, विंडोजवर विनामूल्य बसवता येतात, आणि जुनाट संगणकावरही धावतात. संशोधनपद्धतीच्या अभ्यासपत्रिकेत चार तासिका पुरेत: पहिली विभाजकांची, टॅब आणि मोकळी जागा यांतला फरक दाखवणारी, दुसरी ग्रेप आणि सेडची, तिसरी ऑकची, संमेलनांचाच तक्ता घेऊन, चौथी देवनागरीच्या वर सांगितलेल्या खोड्यांची. परीक्षेत पाच गुणांची टीप नको. प्रत्येकाला एक मोडलेला तक्ता द्यावा आणि लावलेला तक्ता व वापरलेल्या आज्ञा अशा दोन फायली मागाव्यात. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मराठीच्या वर्गाला सहसा प्रवेश नसतो, त्याची किल्ली दुसऱ्या विभागाकडे असते. आठवड्यातून दोन तासांसाठी ती मागण्याचा अर्ज विभागप्रमुखांनी या सत्राच्या सुरुवातीलाच करावा.